चिंतेची नाडी

चेन्नईच्या अरुंबाक्कम भागात अरिग्नर अण्णा यांच्या नावाने चालणारे भारतीय वैद्यकाचे एक सरकारी रुग्णालय आहे. आणि तमिळ प्रांताने आपल्या सिद्ध वैद्यकाचा अभिमान पिढ्यान्‌पिढ्या जपला असताही, याच आवारात 2000 साली स्थापन झालेल्या सरकारी योग व निसर्गोपचार महाविद्यालयात ॲक्युपंक्चर, म्हणजे चिनी सूचिचिकित्सा, हा अभ्यासक्रमाचा एक रीतसर विषय म्हणून शिकविला जातो, ही गोष्ट बाहेरच्या वाचकाला नवलाची वाटेल. या शहरातील चिंताग्रस्त माणसांचा विचार केला म्हणजे मात्र ते नवल ओसरते.

कारण चिंतेने पछाडलेला मनुष्य आपल्याकडे सहसा मनाची तक्रार घेऊन येत नाही. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, छातीत धडधडते, पोटात गोळा येतो, तळहातांना घाम सुटतो, मान आणि खांदे आखडतात, अशी त्याची कैफियत असते. हृदयाचा आलेख, रक्ताच्या तपासण्या, पोटाची दुर्बीण असे सारे सोपस्कार होऊन कागदावर काहीच निघाले नाही, म्हणजे ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे आश्वासन त्याला मिळते आणि त्या आश्वासनाने तो अधिकच एकाकी होतो. मानसोपचारतज्ज्ञाची पायरी चढावी तर लोक काय म्हणतील ही धास्ती आहेच. आणि ज्या शहरात 1794 साली व्हॅलेंटाईन कॉनोली या इंग्रज शल्यवैद्याने वेड्यांसाठी पहिले आश्रयगृह उघडले, आणि पुढे त्या संस्थेचे कायमचे ठिकाण झालेल्या कीळपाकचे नावच वेडाला पर्याय म्हणून बोलण्यात रूढ झाले, तेथे ही धास्ती थोडी जास्तच असावयाची. अशा माणसाला चिनी वैद्यक जवळचे वाटते, कारण ते त्याची तक्रार जशीच्या तशी स्वीकारते आणि शरीराच्या दाराने त्याच्या मनापर्यंत जाते. या वैद्यकाची आपण घ्यावी अशी देणगी मला हीच वाटते, आणि ती त्याच्या औषधांच्या पुड्यांपासून वेगळी काढून घ्यावी असेही वाटते.

‘हुआंगदी नेइजिंग’ या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या प्राचीन ग्रंथापासून चिनी वैद्य भावनांना अवयवांशी जोडीत आले आहेत. क्रोध यकृताचा, भय मूत्रपिंडांचे, शोक फुप्फुसांचा, हर्ष हृदयाचा आणि एकच विचार घोळवीत बसण्याची खोड प्लीहेची, असा तो हिशेब आहे. येथे यकृत म्हणजे शवविच्छेदनात हाती लागणारा मांसाचा गोळा समजावयाचे नाही. ‘छी’ नावाच्या प्राणशक्तीचा संचार सुरळीत राखणारी ती एक व्यवस्था आहे, आणि मन मारून, राग गिळून जगणाऱ्या माणसाची ही छी तुंबते, मग ती छातीत दाटते, पचन बिघडविते आणि झोप हिरावून घेते, अशी त्यांची उपपत्ती आहे. वैद्य दोन्ही मनगटांवर तीन-तीन स्थानी बोटे ठेवून नाडी पाहतो, आणि अशा रुग्णाची नाडी ताणलेल्या तंतुवाद्याच्या तारेसारखी लागते, असे त्यांचे ग्रंथ सांगतात. सिद्ध वैद्यही तीनच बोटांनी वळि, अळल व ऐयम, म्हणजे वात, पित्त व कफ, यांचा अदमास घेतो. त्यामुळे चेन्नईच्या रुग्णाला मनगट पुढे करण्याची ही रीत परकी वाटत नाही. छी आणि तिच्या वाहिन्या शरीरशास्त्राला आजवर सापडलेल्या नाहीत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु झोप, भूक, श्वास, घाम आणि दबलेला राग यांची एकत्र चौकशी करणारी ही तपासणी, केवळ तिची उपपत्ती जुनी म्हणून टाकाऊ ठरत नाही.

प्रत्यक्ष उपचार पाहावा. चिंतेसाठी नेहमी निवडला जाणारा ‘नेइग्वान’ हा बिंदू मनगटाच्या आतील घडीपासून वर, कोपराच्या दिशेने, रुग्णाच्याच अंगठ्याच्या दोन रुंदींइतक्या अंतरावर, दोन ठसठशीत कंडरांच्या मधोमध असतो. माप प्रत्येकाचे स्वतःचे, कारण हात प्रत्येकाचा वेगळा. ‘शेनमेन’ हा दुसरा बिंदू त्याच घडीवर करंगळीच्या बाजूला आहे, आणि तिसरा ‘यिनतांग’ दोन भुवयांच्या मध्ये, आपण जेथे कुंकू लावतो तेथे. सुई इंजेक्शनच्या सुईहून पुष्कळ बारीक आणि भरीव असते, तिच्यातून औषध जात नाही. ती टोचताना क्षणभर चावल्यासारखे होते आणि मग हळूहळू जडपणा, मुंग्या किंवा खोलवर ओढ जाणवू लागते. ही जाणीव आली म्हणजे सुई योग्य जागी पोचली असे वैद्य मानतो. पुढची वीस ते तीस मिनिटे रुग्णाने स्वस्थ पडून राहावयाचे असते, हातात दूरध्वनी नाही, कुणाला उत्तर द्यावयाचे नाही. आणि पुष्कळांना त्या अवधीत झोप लागते. ज्यांना सुईचे भय वाटते त्यांनी नेइग्वानवर अंगठ्याने एक-दोन मिनिटे दाब देत सावकाश श्वास सोडावा, त्यात अपाय काही नाही.

मग हा गुण सुईचा, की त्या स्वस्थ अर्ध्या तासाचा? येथेच आधुनिक संशोधनाची खरी अडचण आहे. चिंतेवर सूचिचिकित्सेच्या बऱ्याच चाचण्या झाल्या, त्यांपैकी अनेकींत रुग्णांना आराम पडल्याचे दिसले. शस्त्रक्रियेपूर्वीच्या घालमेलीवर कानावरील बिंदूंचा उपयोग झाल्याचेही आढळले. परंतु बहुतेक चाचण्या लहान आणि त्यांची रचना कच्ची, आणि खोट्या बिंदूंवर सुया टोचलेल्या किंवा सुई आत न शिरलेल्या रुग्णांनाही पुष्कळदा आराम पडतो, त्यामुळे खऱ्या बिंदूचे श्रेय किती आणि स्पर्शाचे, विश्रांतीचे, कुणीतरी आपले ऐकून घेतल्याच्या समाधानाचे किती, याचा निवाडा झालेला नाही. याच नेइग्वान बिंदूचा शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर उपयोग होतो, याचे पुरावे यापेक्षा भक्कम आहेत. चिंतेच्या बाबतीत तो दर्जा अद्याप आलेला नाही. तरीही ज्या रुग्णाला बाह्यरुग्ण विभागात पाच मिनिटेही मिळत नाहीत, त्याला अर्धा तास आणि एक लक्ष देणारा माणूस मिळतो, ही गोष्ट मी क्षुल्लक मानीत नाही.

ही विद्या या देशात आली कशी, याच्याशी महाराष्ट्राचे एक जिव्हाळ्याचे नाते आहे. 1938 साली राष्ट्रीय सभेने जपानशी झुंजणाऱ्या चीनला पाच डॉक्टरांचे वैद्यकीय पथक पाठविले. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते, आणि कलकत्त्याचे विजयकुमार बसूही होते. कोटणीस 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच वारले. बसू परतले, आणि पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनमध्ये जाऊन सूचिचिकित्सा शिकून आले. पुढे कोटणिसांच्या नावाने उभ्या राहिलेल्या दवाखान्यांतून ती विद्या देशभर पसरली. कोटणीस स्वतः शल्यवैद्य. परंतु त्यांच्या नावाने हजारो लोकांनी सुई टोचून घेतली, हे त्यांच्या स्मृतीचे आगळे स्मारक आहे.

आणखी एक गोष्ट मद्रासच्या अभिमानाची आहे. 1929 साली चीनच्या तत्कालीन सरकारपुढे देशी वैद्यकच बंद करण्याची तजवीज मांडली गेली होती आणि वैद्यांनी शांघायला जमून तिचा प्रतिकार केला. आज जे चिनी वैद्यक जगभर शिकविले जाते त्याची घडी पन्नाशीच्या दशकात साम्यवादी राजवटीने नव्याने बसविली. इकडे मद्रास इलाख्याने 1921 सालीच महंमद उस्मान यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून देशी वैद्यकाची चौकशी केली होती, 1923 साली तिचा अहवाल आला, आणि सरकारी खर्चाने आयुर्वेद, सिद्ध व युनानी शिकविणारी शाळा लवकरच उघडली गेली. आज तांबरमला राष्ट्रीय सिद्ध संस्था उभी आहे, ती 2005 सालची. अरुंबाक्कमला सुईला जागा मिळाली ती या जुन्या औदार्याच्या परंपरेतच.

आता पुड्यांविषयी. चिनी भेषजकल्पात चिंतेवर एक अतिशय सौम्य काढा आहे: गहू, ज्येष्ठमध आणि चिनी बोर, एवढीच सामग्री. झांग झोंगजिंग या हान काळातील वैद्याने तो विनाकारण रडणाऱ्या, जांभया देणाऱ्या, विषण्ण स्त्रीसाठी सांगितला आहे. मैलापूरच्या कचेरी रस्त्यावरील डब्बा चेट्टींच्या दुकानासारख्या जुन्या गावठी औषधांच्या पेढीत ज्येष्ठमध ‘अदिमधुरम’ या नावाने सहज मिळते, आणि म्हणूनच सांगावयास हवे की ते दीर्घकाळ, अधिक मात्रेत घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि रक्तातील पोटॅशियम घटते. छातीत धडधडते म्हणून आलेल्या रुग्णाला हे औषध उलटू शकते. दुसऱ्या टोकाला, मन शांत करण्यासाठी हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचे गंधकयुक्त खनिज, घातलेल्या गोळ्या चीनमध्ये शतकानुशतके दिल्या गेल्या. चीनचा प्रवास केल्याची आख्यायिका ज्यांच्याविषयी तमिळनाडूत सांगतात आणि पळणीची नवपाषाणाची मूर्ती ज्यांनी घडविली असे मानतात, त्या भोगर सिद्धांच्या परंपरेतही पाऱ्याला मोठा मान आहे. मान असू द्यावा. परंतु पारा मज्जासंस्थेचा आणि मूत्रपिंडांचा वैरी आहे, आणि झोपेसाठी तो कुणी घेऊ नये. 1990 च्या दशकाच्या आरंभी ब्रुसेल्सला वजन घटविण्याच्या चिनी मिश्रणात चुकून ईश्वरमुळाच्या कुळातील वनस्पती शिरली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली. डबीवरील ‘वनस्पतिजन्य’ हा शब्द सुरक्षिततेचा दाखला होत नाही.

या बाबतीत तंजावरचे मराठे आपणास मार्गदर्शक ठरावेत. सरफोजी दुसरे यांनी, 1798 ते 1832 या आपल्या कारकिर्दीत, धन्वंतरी महाल उभारून तेथे देशी व पाश्चात्य दोन्ही वैद्यकांचे उपचार करविले, गुणास उतरलेल्या औषधांची नोंद ठेवविली, आणि ती तमिळ पद्यात ग्रथित करविली. औषध कुणाच्या मुलुखातले यापेक्षा ते कुणाला, किती दिवसांत लागू पडले, ही नोंद राखण्याकडे त्यांचा रोख होता. चिंतेच्या चिनी उपचाराला आज अशाच दप्तराची गरज आहे. कायद्याची चौकट तर तयार होत आहे: पश्चिम बंगालने 1996 साली, महाराष्ट्राने 2015 साली सूचिचिकित्सेचा स्वतंत्र कायदा केला, आणि केंद्र सरकारने 2019 साली तिला स्वतंत्र पद्धती म्हणून मान्यता दिली. तेव्हा सुई धरणाऱ्याला नोंदणीचा क्रमांक विचारावा, पाकीट आपल्यासमोर फोडलेली आणि एकदाच वापरावयाची सुई मागावी, आणि छातीवर किंवा खांद्यावर खोल सुया टोचणाऱ्या अननुभवी हातापासून दूर राहावे, कारण फुप्फुसाला छिद्र पडल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात आहेत.

आणि काही प्रसंगी सुईची वाटच पाहू नये. चिंतेपायी कामावर जाणे सुटले, जेवण तुटले, मद्याचा आधार घ्यावा लागू लागला, किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. चालू असलेल्या गोळ्या चिनी किंवा देशी उपचाराच्या भरवशावर आपल्या मनाने बंद करू नयेत, कारण त्यांतील काही एकाएकी थांबविल्यास चिंता दुपटीने उसळते. ज्या शहरात देशातील पहिल्या स्त्री मानसोपचारतज्ज्ञ शारदा मेनन यांनी कीळपाकची संस्था चालविली आणि 1984 साली स्किझोफ्रेनिया रिसर्च फाउंडेशनची स्थापना केली, त्या शहरात जाणत्या डॉक्टरांचा तुटवडा नाही. ज्याला तेथवर जाण्याचेही बळ उरले नसेल त्याच्यासाठी केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा रात्रंदिवस चालते; तिचा क्रमांक 14416, संभाषण मराठीतही होते, आणि त्याला पैसे पडत नाहीत.