घरच्या घरी आर्टू-डीटू

आर्टू-डीटूचा निळा नेमका कोणता? हा रोबो घरी बनवणाऱ्या दोघांसमोर हा प्रश्न टाकावा आणि आपण चहा टाकायला आत जावं. चहा उकळून गाळून झाला तरी बाहेरचा वाद मिटलेला नसतो. एक म्हणतो, शाईसारखा गडद निळा. दुसरा म्हणतो, त्यात जांभळी झाक नसेल तर तो आर्टूच नव्हे. चूक कुणाचीच नाही. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये हा रंग धातूवर असा चढवला होता की खालची चकाकी वर यावी. त्यामुळे वाळवंटातल्या उन्हात तो वेगळा दिसतो आणि स्टुडिओच्या दिव्यांखाली वेगळा. अंतराळातल्या काही दृश्यांत तर तो चक्क काळा आहे. ती दृश्यं निळ्या पडद्यापुढे चित्रित झाली होती. मागचा निळा गाळून तिथे तारे भरायचे, तर रोबोच्या अंगावरचा निळाही त्याच्याबरोबर गळून जाणार. मग तो काळाच दाखवणं भाग होतं. म्हणजे मूळ वस्तूचा असा एकच रंग कधी नव्हताच, आणि जगभरची हौशी माणसं मात्र त्या एका रंगासाठी डबेच्या डबे मिसळत बसलेली असतात.

या छंदाची गोम इथेच आहे. सिनेमातली वस्तू कॅमेऱ्यापुरती बनते. ती एका बाजूने, दोन-चार सेकंद, ठराविक अंतरावरून चांगली दिसली की तिचं काम झालं. घरी ती बनवणाऱ्याला मात्र चारही बाजूंनी उत्तर द्यावं लागतं. त्यामुळे होतं असं, की नकल अस्सलापेक्षा चोख निघते. हे मी कौतुकाच्या भरात म्हणत नाही. मूळ आर्टूची हकिगत पाहिली की पटतं.

राल्फ मॅक्वारी यांच्या चित्रांवरून ही आकृती ठरली. पिंपासारखं अंग, वर घुमट, दोन बाजूंना दोन पाय आणि गरज पडली की मधून उतरणारा तिसरा. जॉन स्टीअर्स यांच्या हाताखालच्या मंडळींनी ती इंग्लंडमध्ये उभी केली. हाताशी जे मिळेल ते वापरलं गेलं. घुमटावर डोळ्यांसारखे जे गोल फिरते दिवे दिसतात, ते व्हायकर्स व्हायकाउंट या प्रवासी विमानात डोक्यावर असणारे वाचायचे दिवे. दोन पायांवर डुलत चालणाऱ्या आर्टूच्या आत केनी बेकर हा तीन फूट आठ इंच उंचीचा नट बसायचा. तीन पायांवर घरंगळणारा आर्टू वेगळा, रेडिओवर चालणारा. १९७६ च्या वसंतात ट्युनिशियाच्या वाळवंटात चित्रीकरण सुरू झालं तेव्हा या रेडिओवाल्याने सगळ्यांना जेरीस आणलं. तो भलतीकडे वळे, कशावर तरी आपटे, मध्येच बंद पडे. पडद्यावर जो धीट, हट्टी, चटपटीत आर्टू दिसतो तो संकलनाच्या टेबलावर जन्मला. त्याचा आवाजही बेन बर्ट यांनी सिंथेसायझर आणि स्वतःच्या तोंडाने काढलेले बोबडे सूर एकत्र करून घडवला.

पुढच्या चित्रपटासाठी टोनी डायसन यांच्या कारखान्यात फायबर ग्लासचे आठ आर्टू झाले. काही चालणारे, काही आत माणूस बसण्यासाठी, बाकीचे फेकाफेकी आणि दलदलीच्या दृश्यांसाठी नुसते हलके सांगाडे. दोन पायांवरून तीन पायांवर जाणं एकाच सलग दृश्यात त्यातल्या एकालाही जमत नव्हतं. एक रोबो काढायचा, दुसरा ठेवायचा, मध्ये कात्री. आजच्या हौशी मंडळींपैकी काहींनी ही हालचाल खरोखर साधली आहे. आत स्क्रूच्या दांड्या आणि मोटरी बसवून तिसरा पाय खाली येतो, अंग मागे कलतं आणि रोबो उलटत नाही. ज्या करामतीसाठी सिनेमावाल्यांना कात्री लागली, ती एखाद्याच्या गॅरेजमध्ये लहान मुलांसमोर रोज होते.

सिनेमातले रोबो घरी बनवण्याची हौस आर्टूपासून सुरू झाली असं मात्र नाही. १९५६ च्या ‘फॉरबिडन प्लॅनेट’मधला रॉबी आणि साठच्या दशकातल्या ‘लॉस्ट इन स्पेस’ मालिकेतला रोबो हे या पंथाचे जुने देव. दोन्हींवर रॉबर्ट किनोशिता यांचा हात फिरला होता, आणि दोन्हींच्या प्रतिकृती बनवणारे आजही आहेत. पण आर्टूइतका पसारा कुणाचाच नाही. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डेव्ह एव्हरेट यांनी ‘आर्टू बिल्डर्स क्लब’ सुरू केला. तोवर जो तो टीव्हीवर चित्रपट थांबवून, पडद्याला पट्टी लावून मापं काढत होता. क्लबमुळे नकाशे एका जागी आले, मापं ताडून पाहिली गेली, आणि पायाची रुंदी किती यावर भांडण्याऐवजी माणसं पाय कापायला लागली.

क्लबची एक पद्धत मला फार आवडते. समजा, एखाद्याकडे लेथ आहे. तो घुमटावरच्या दिव्यांची घरं अ‍ॅल्युमिनियममध्ये कातून देऊ शकतो. तो आधी विचारतो, कुणाकुणाला हवीत? पुरेशी नावं आली की एकाच वेळी सगळ्यांसाठी कातून, धातूचा आणि टपालाचा खर्च घेऊन पाठवून देतो. दुसऱ्याच्या ओळखीत लेझर कटिंगवाला असतो, तो पत्रे कापून आणतो. यात नफा घ्यायचा नाही, हा अलिखित नव्हे तर चांगला लिहून ठेवलेला दंडक. ‘स्टार वॉर्स’ बनवणारी लुकासफिल्म आणि २०१२ पासून तिची मालक असलेली डिस्ने, दोघांनीही या मंडळींकडे कानाडोळा केला तो याच दंडकामुळे. हक्क कंपनीचे, रोबो तुमचा, विकायचा विषय नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे. अंगाचा सांगाडा म्हणजे प्लायवुडच्या किंवा धातूच्या कड्या, उभ्या पट्ट्यांनी जोडलेल्या. त्यावर एकावर एक अशी दोन कातडी चढतात. ‘स्किन’ हाच शब्द सगळे वापरतात. आतलं कातडं बरंचसं सलग. बाहेरच्यात दारं, खाचा, झरोके कापलेले. दोन्हींमधला जेमतेम एका पत्र्याएवढा फरक आणि दाराभोवती सुटलेली केसाएवढी फट, एवढ्यावर वस्तू खरी वाटते. फट जरा रुंद झाली की रोबो खोक्यासारखा दिसतो, बुजली तर चितारलेल्या पिंपासारखा. पोटावरच्या भागांना या लोकांनी ठेवलेली नावं मजेशीर आहेत. एका खोबणीला तर ‘कॉइन रिटर्न’ म्हणतात, कारण ती दिसते वेंडिंग मशीनमध्ये सुटे पैसे परत पडण्याच्या खणासारखी.

अ‍ॅल्युमिनियम परवडत नसेल तर स्टायरीनचा पत्रा घेतात. तो करवतीने कापावा लागत नाही. धातूची पट्टी धरून कटरने दोनदा ओरखडा काढायचा आणि टेबलाच्या कडेवर दाबायचं. टक् आवाज होऊन सरळ रेषेत मोडतो. जोडायला गोंद नव्हे, द्रव सॉल्व्हंट. दोन कडा एकमेकींना भिडवून ब्रशचं टोक सांध्याला टेकवलं की तो आपोआप आत शोषला जातो, प्लॅस्टिक विरघळतं आणि दोन तुकड्यांचा एक तुकडा होतो. हे काम नवशिक्यालाही आठवड्याभरात येतं.

खरी परीक्षा पायांची. आर्टूचा पाय म्हणजे मोठा, सपाट, पांढरा पृष्ठभाग, आणि पांढऱ्यावर काही लपत नाही. सांध्यावर लांबी भरायची, ती वाळू द्यायची, २२० नंबरचा पॉलिश पेपर मारायचा, प्रायमर द्यायचा. मग बॅटरीचा झोत आडवा टाकून बघायचं. बोटाला लागत नाही असा खळगा त्या आडव्या उजेडात लगेच सावली पाडतो. पुन्हा लांबी, पुन्हा पेपर, ४०० नंबर, ६०० नंबर, पाण्याने. पुष्कळांचे रोबो याच टप्प्यावर कोपऱ्यात चादर पांघरून पडतात. मोटरी, दिवे, आवाज यांची मजा लवकर दिसते, म्हणून नवीन माणूस तिथून सुरुवात करतो. घासकाम दिसत नाही, पण वस्तू त्याच्यावर उभी राहते. माझ्या मते या छंदाचा निम्मा भाग पॉलिश पेपर आहे, आणि ज्याला तो कंटाळवाणा वाटतो त्याने सरळ खेळण्याच्या दुकानातला आर्टू आणावा.

घुमट साधारण अठरा इंच व्यासाचा. चांगला घुमट स्पिनिंग करून काढतात. फिरत्या साच्यावर अ‍ॅल्युमिनियमची गोल चकती दाबत दाबत तिला घुमटाचा आकार द्यायचा. आपल्याकडे अ‍ॅल्युमिनियमची भांडी काढतात ती याच पद्धतीने. घुमट मोठ्या गोल बेअरिंगवर बसतो आणि एका छोट्या मोटरने फिरतो. पण तो सारखा एकाच दिशेने फिरला तर आतल्या दिव्यांच्या वायरींना पीळ पडून त्या तुटतील. त्यासाठी मधोमध ‘स्लिप रिंग’ बसवतात. कड्या आणि त्यांवर टेकलेले ब्रश, म्हणजे घुमट कितीही गरगरला तरी वीज पोचत राहते. मूळ रोबोत घुमटावरची लुकलुक फायबर ऑप्टिकच्या तंतूंमागे रंगीत चकती फिरवून केली होती. आता तिथे एलईडी आणि ते लुकलुकवणारा आर्डुइनो हा छोटा संगणकी बोर्ड आला.

चालवणं तसं सोपं. बाजूच्या दोन पायांत दोन मोटरी, बहुधा विजेवरच्या स्कूटरच्या, आणि मधल्या पायाला फिरती चाकं. एक मोटर कमी, दुसरी जास्त, की रोबो वळतो. बॅटऱ्या जमेल तितक्या तळाला. अ‍ॅल्युमिनियमचा भरलेला रोबो शंभर किलोच्या घरात जातो, तेव्हा उताराची भीती बाळगावी हे बरं. चालवणाऱ्यांत मुठीत मावणारा प्लेस्टेशनचा कंट्रोलर लोकप्रिय आहे. हात पाठीमागे ठेवून गर्दीत उभं राहता येतं. मुलं रोबोशी बोलतात, रोबो मान वळवून शिट्टी मारतो, आणि मागे कोपऱ्यात कुणीतरी मध्यमवयीन गृहस्थ छताकडे बघत असल्याचा आव आणतो.

खर्चाचं म्हणाल तर तो दोरी सोडाल तितका. लाकूड, स्टायरीन आणि स्वतःचे हात यांवर थोडक्यात भागतं. थ्रीडी प्रिंटर आल्यापासून तर संपूर्ण रोबो घरात थर थर छापणारे पुष्कळ झाले. सगळं धातूचं हवं असेल तर दहा हजार डॉलरलाही पाय फुटतात. तुलनेसाठी सांगतो, २०१७ च्या जूनमध्ये अमेरिकेत एक आर्टू २७ लाख डॉलरहून अधिक किमतीला लिलावात गेला. तो खरा, चित्रपटांतला. पण तोही वेगवेगळ्या चित्रपटांत वापरलेले सुटे भाग वर्षानुवर्षं गोळा करून जुळवलेला होता. म्हणजे अस्सलही शेवटी कुणीतरी जुळवलेलंच.

आणि मग उलटी गंगा वाहिली. २०१३ च्या जुलैमध्ये जर्मनीत एसेन इथे स्टार वॉर्सचा मोठा मेळावा भरला. लुकासफिल्मच्या प्रमुख कॅथलीन केनेडी तिथे हौशी मंडळींचे रोबो बघायला आल्या. ली टाउअर्सी आणि ऑलिव्हर स्टीपल्स या दोन ब्रिटिश सभासदांनी, नव्या चित्रपटाला लागलंच तर आम्ही आहोत, असं अर्ध्या थट्टेत सुचवलं. ते मनावर घेतलं गेलं. २०१५ मध्ये आलेल्या ‘द फोर्स अवेकन्स’चा आर्टू याच दोघांनी बनवला. चित्रपटावरून शिकलेल्यांकडे चित्रपट वस्तू मागायला आला.

त्याच चित्रपटात क्षणभर एक गुलाबी रोबोही दिसतो. त्याचं नाव आर्टू-केटी. स्टार वॉर्सची वेशभूषा करणाऱ्या ‘५०१ लीजन’ या मोठ्या संघटनेचे संस्थापक अल्बिन जॉन्सन यांच्या मुलीला, केटीला, मेंदूचा कर्करोग झाला होता. आपल्यावर लक्ष ठेवायला आर्टूसारखा एक रोबो हवा, असं तिने सांगितलं. क्लबच्या सभासदांनी तिच्यासाठी रोबो करायला घेतला. २००५ च्या ऑगस्टमध्ये केटी गेली. रोबो त्यानंतर पूर्ण झाला, आणि तेव्हापासून तो आजारी मुलांना भेटायला आणि त्यांच्यासाठी निधी जमवायला जातो.

आपल्याकडे कुणाला हात घालायचा असेल तर अडचण कौशल्याची नाही. गणेशोत्सवातले हलते देखावे करणारे कारागीर मोटर, तरफ आणि दोरी यांतून माना वळवणं, हात उचलणं केव्हापासून करत आले आहेत. घुमटासाठी भांडी स्पिनिंग करणारा शोधा, पत्र्यासाठी लेझर कटिंगवाला. स्टायरीन सहज मिळालं नाही तर साइनबोर्डवाल्यांकडचा सनबोर्ड चालतो. तो हिटगनने थोडा गरम केला की गोलाईवर बसतो. पूर्ण रोबोचा विचार करू नका, आधी एक पाय करा आणि तो स्वच्छ पांढरा होईपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका. निळ्याचा निर्णय सगळ्यात शेवटी. आणि काम सुरू करण्याआधी घराच्या दाराचं आणि लिफ्टचं माप घ्या. पाय सुटे होतील असेच बसवा, कारण तयार झालेला आर्टू कधी ना कधी खाली न्यावा लागतोच.