कॉलेजच्या मैदानाची पत

मुलगा कॉलेजच्या क्रिकेट संघात निवडला गेला की घरात दोन सूर ऐकू येतात. धाकटी भावंडे हरखून जातात आणि वडीलधारी मंडळी विचारतात, "यातून पुढे काय मिळणार?" प्रश्न काही चुकीचा नाही. परीक्षा तोंडावर आलेली असते, सामन्यांसाठी बाहेरगावी जावे लागते, तासिका बुडतात. जबलपूरहून नरसिंहपूरकडे जाताना लागणाऱ्या शहपुऱ्यासारख्या गावात तर हा प्रश्न अधिकच टोचतो. मोठ्या शहरातल्या मुलाला क्लब, खासगी अकादमी असे पर्याय असतात. गावातल्या मुलाला बहुधा एकच दार उघडे असते, ते म्हणजे त्याचे कॉलेज.

या दारातून जाणारी वाट साधी आहे. जबलपूरच्या राणी दुर्गावती विश्वविद्यालयाशी संलग्न असलेल्या कॉलेजातला विद्यार्थी आधी आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत खेळतो. तिथे चमकला तर विद्यापीठाच्या संघात त्याची निवड होते. विद्यापीठाचा संघ आपल्या विभागातील इतर विद्यापीठांशी झुंजतो आणि विभागात पुढे आलेले संघ अखिल भारतीय स्पर्धेत उतरतात. प्रश्न उरतो तो एवढाच, की या स्पर्धेची ताकद किती आणि तिला पत किती?

मुलाच्या आठवणीसाठी दिलेला करंडक

विद्यापीठांच्या क्रिकेटची कथा सुरू होते १९३५ साली. मुंबईचे ए. डी. बारिया या पारशी गृहस्थांनी आपला मुलगा रोहिंटन याच्या स्मरणार्थ एक करंडक दिला. १९३५-३६ च्या मोसमात पहिली स्पर्धा झाली आणि तो करंडक पंजाब विद्यापीठाने लाहोरला नेला. पुढे मात्र मुंबई विद्यापीठाने त्यावर असे काही वर्चस्व गाजवले की सर्वाधिक विजेतेपदे त्याच्याच नावावर लागली.

त्या काळी जबलपूरची कॉलेजे १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या छत्राखाली होती. म्हणजे जबलपूरचा खेळाडू तेव्हा नागपूरच्या संघातून उतरला असता. १९४६ मध्ये सागर विद्यापीठ निघाले, १९५६ मध्ये जबलपूरला स्वतःचे विद्यापीठ मिळाले आणि १९८३ मध्ये त्याला राणी दुर्गावतींचे नाव देण्यात आले. विद्यापीठे बदलली, पण स्पर्धेची वाट तीच राहिली.

पोर्ट ऑफ स्पेनपर्यंत

ही वाट कुठवर जात असे, याची साक्ष दिली ती सोलापुरात जन्मलेल्या पॉली उम्रीगर यांनी. १९४८ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला असता संयुक्त विद्यापीठ संघाकडून त्यांनी नाबाद ११५ धावा काढल्या. काही आठवड्यांतच ते मुंबईच्या कसोटीत भारताकडून खेळत होते.

पुढचे नाव मडगावच्या दिलीप सरदेसाईंचे. गोव्याहून मुंबईत शिकायला आलेल्या या तरुणाने १९५९-६० च्या रोहिंटन बारिया स्पर्धेत ८७ च्या सरासरीने ४३५ धावा केल्या. पुढच्याच मोसमात पुण्यात पाकिस्तानच्या संघाविरुद्ध त्यांना भारतीय विद्यापीठ संघातून संधी मिळाली. प्रथम दर्जाच्या त्या पहिल्याच सामन्यात त्यांनी ८७ धावांची खेळी केली.

अजित वाडेकर यांची गोष्ट तर आणखी मजेची. त्यांना व्हायचे होते इंजिनिअर. कॉलेजला जाताना बसमध्ये भेटणाऱ्या बाळू गुप्ते यांनी "बारावा खेळाडू म्हणून येतोस का?" असे विचारले आणि तिथून सारे सुरू झाले, असे वाडेकर सांगत. याच वाडेकरांनी १९५८-५९ मध्ये आंतरविद्यापीठ सामन्यात ३२४ धावांचा विक्रम केला. बारा वर्षांनी, १९७०-७१ च्या मोसमात, मुंबई विद्यापीठाच्याच सुनील गावसकरांनी ३२७ धावा काढून तो मोडला.

त्याच मोसमात भारतीय संघ वेस्ट इंडीजला गेला. कर्णधार होते वाडेकर. सरदेसाईंनी मालिकेत ६४२ धावा केल्या, तर चारच कसोटी खेळलेल्या गावसकरांनी ७७४. पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी भारताने जिंकली, मालिकाही जिंकली. वेस्ट इंडीजला भारताने कसोटीत हरवले ते तेव्हा पहिल्यांदाच. ज्या तिघांची नावे त्या विजयाशी कायमची जोडली गेली, ते तिघेही एकाच कॉलेज स्पर्धेच्या तालमीत तयार झाले होते.

ताकद येते कुठून?

स्पर्धेची पत करंडकाच्या चांदीवर ठरत नाही. ती तीन गोष्टींवर ठरते. समोरचा प्रतिस्पर्धी तोडीस तोड हवा, खेळ पाहणारी जाणती नजर हवी आणि इथे चमकलेल्याला वरची पायरी खुली हवी.

रोहिंटन बारिया स्पर्धेला एके काळी या तिन्ही गोष्टी लाभल्या होत्या. सामने एकाहून अधिक दिवस चालत, त्यामुळे फलंदाजाच्या संयमाचा आणि गोलंदाजाच्या दमाचा कस लागे. निवड समितीचे लक्ष या सामन्यांकडे असे. परदेशी पाहुण्या संघांशी विद्यापीठांचा संयुक्त संघ खेळत असल्यामुळे कॉलेजचा विद्यार्थी एका उडीत मोठ्या मैदानावर पोहोचत असे.

हाच नियम अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्येही दिसतो. तिथे विद्यापीठांचे गट असतात आणि एका गटातले संघ हंगामभर एकमेकांशी खेळतात. 'बिग ईस्ट' हा असाच एक गट १९७९ मध्ये स्थापन झाला. अवघ्या सहा वर्षांत, १९८५ च्या राष्ट्रीय स्पर्धेत, उपांत्य फेरीच्या चार संघांपैकी तीन याच गटाचे होते. विजेता ठरलेला व्हिलानोव्हाचा संघ त्याच हंगामात जॉर्जटाउनकडून दोनदा हरला होता. अंतिम सामन्यात त्याने त्याच जॉर्जटाउनला ६६-६४ असे नमवले. वर्षभर बलाढ्य शेजाऱ्याशी झुंजणारा संघ हरता हरता शिकतो आणि शेवटी जिंकतो, तो असा.

वळसा घालून जाणारे रस्ते

मग आपल्या विद्यापीठ क्रिकेटची पत का उतरली? खेळ वाईट झाला म्हणून नव्हे, तर कॉलेजला वळसा घालून जाणारे नवे रस्ते तयार झाले म्हणून. एके काळी शाळा आणि रणजी करंडक यांच्यामधला मोठा पूल म्हणजे कॉलेज. पुढे क्रिकेट मंडळाने वयोगटांच्या स्पर्धा वाढवल्या आणि होतकरू मुले शाळेतूनच थेट तिकडे जाऊ लागली. सचिन तेंडुलकरने १९८८ मध्ये पंधराव्या वर्षी रणजी पदार्पणात शतक केले आणि सोळाव्या वर्षी तो कसोटी खेळला. कॉलेजच्या पायरीची त्याला गरजच पडली नाही. २००८ मध्ये आयपीएल आली आणि खेळाडू हेरणाऱ्यांच्या नजरा आणखी दुसरीकडे वळल्या.

तरीही जुना मान अगदीच पुसला गेला नाही. क्रिकेट मंडळाच्या सुधारणांमध्ये विद्यापीठांच्या संघटनेचे पूर्ण सदस्यत्व गेले होते. ऑगस्ट २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे आणि सेनादलांबरोबर तिलाही ते परत दिले. इतर खेळांसाठी २०२० मध्ये भुवनेश्वरला पहिल्या 'खेलो इंडिया' विद्यापीठ क्रीडा स्पर्धा झाल्या, त्यात बास्केटबॉलही होते.

घरातला हिशेब

आता पुन्हा शहपुऱ्याच्या घरातल्या प्रश्नाकडे वळू. कॉलेजच्या संघातून आज थेट भारतीय संघात जाता येईल, अशी आशा मुलाला दाखवणे योग्य नाही. पण "यातून काहीच मिळणार नाही" असे म्हणणेही तितकेच चुकीचे आहे. केंद्र सरकारच्या खेळाडू भरतीच्या नियमांत आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केलेल्या खेळाडूचा पात्र म्हणून स्पष्ट उल्लेख आहे. म्हणून प्रमाणपत्रे जपून ठेवावीत. स्पर्धेच्या तारखा आणि परीक्षेचे वेळापत्रक यांचा मेळ घालण्यासाठी प्राध्यापकांशी आधीच बोलून घ्यावे. वयाची अट असते, नियमित विद्यार्थी असावे लागते, याचीही चौकशी वेळेवर करावी.

जबाबदारी एकट्या पालकांची नाही. कॉलेजांनी संघ केवळ कागदावर न ठेवता वर्षभर सराव घेतला, विद्यापीठांनी जास्त दिवसांचे सामने भरवले आणि निवड समितीची माणसे ते पाहायला आली, तर गेलेली पत परत येऊ शकते. कारण श्रीमंत अकादमीची फी न भरता, केवळ खेळाच्या बळावर वर चढता येईल अशा शिड्या आपल्या देशात फारशा नाहीत. कॉलेजचे मैदान ही त्यांतली एक आहे. तिची एखादी पायरी मोडली असेल, तर शहाणी माणसे पायरी दुरुस्त करतात, शिडी फेकून देत नाहीत.