खरखरीचा उगम आधी शोधा

छोट्या विमानाच्या रेडिओत खरखर सुरू झाली की पहिला संशय रेडिओवरच येतो आणि नवा संच किंवा फिल्टर बसवण्याची घाई होते. ही घाई चुकीची आहे, कारण खरखर स्वतःच आपला पत्ता सांगत असते. विमानांचे संभाषण ११८ ते १३७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एएम पद्धतीने चालते. या पद्धतीत आवाज लहरीच्या कमी-जास्त उंचीतून पोचतो आणि विजेची प्रत्येक ठिणगी नेमकी ही उंचीच बिघडवते. मग एफएम का नको? एफएममध्ये जोरदार संदेश दुबळ्याला पुरता दाबून टाकतो. एएममध्ये दोघे एकदम बोलले तर निदान ते कळते. सुरक्षेसाठी हे मोलाचे आहे.

सेसना १७२ चे उदाहरण घ्या. चार सिलिंडरच्या इंजिनाला दोन मॅग्नेटो असतात. मिनिटाला २,४०० फेऱ्यांवर प्रत्येक मॅग्नेटो सेकंदाला ८० वेळा ठिणगी पाडतो. इंजिनाच्या वेगाबरोबर तडतड वाढली, तर संशय इथे. उड्डाणापूर्वी वैमानिक दोन्ही मॅग्नेटो आलटून-पालटून तपासतोच. त्यातला एक बंद करताच तडतड थांबली, तर दोष त्याच्याच तारांच्या धातूच्या आवरणात असण्याची शक्यता मोठी. इंजिनाच्या वेगाबरोबर सूर चढत जाणारी शीळ अल्टरनेटर बंद करताच थांबली, तर ती त्याची. इंजिन बंद असतानाही ठरावीक फ्रिक्वेन्सीवर येणारा गोंगाट अनेकदा यूएसबी चार्जरचा निघतो.

उगमानंतर वाट शोधायची. अँटेनाची तार काढून पाहा (तेव्हा बोलायचे बटण दाबू नये). गोंगाट थांबला, तर तो अँटेनामार्गे येत होता. वीजपुरवठ्यावरचा फिल्टर तिथे निरुपयोगी. शीळ कायम राहिली, तर ती विमानाच्या वीजतारांतून येते आणि तिथे फिल्टर खरोखर उपयोगी पडू शकतो. आवाज पूर्ण कमी करूनही ती ऐकू आली, तर हेडफोनच्या जोडणीचे अर्थिंग तपासावे.

स्क्वेल्च, म्हणजे क्षीण आवाज गाळणारी रेडिओची सोय, चढवला की काम भागते, असे कुणी म्हणेल. पण त्याने खरखरीबरोबर दूरच्या नियंत्रकाचा क्षीण आवाजही गिळला जातो. शिवाय आवरण फाटलेली मॅग्नेटोची तार हा मुळात इंजिनाच्या प्रज्वलनाचा दोष आहे. रेडिओ त्याची फक्त वर्दी देतो. म्हणून दुरुस्ती अधिकृत तंत्रज्ञाकडूनच व्हावी, आणि गोंगाट दाबण्याआधी त्याचे कारण नोंदवले जावे.