लेबल छापायचे तीनशे रुपये

डोंगरकड्याहून मी तुमच्या गटांची समन्वयक बोलतेय. आज विषय जरा वेगळा आहे. घरात, ग्रामसंघाच्या खोलीत भिंतीवर जो वायफायचा डबा लटकलेला असतो, त्याच्याविषयी बोलायचं आहे. ‘ते आपल्याला काय कळतंय’ म्हणून रेडिओ बंद करू नका. मीही असंच म्हणायचे, आणि त्याचे गटाला तीनशे रुपये पडले.

झालं असं. आमचा गट हळद दळून पाकिटं भरतो. दुसऱ्या दिवशी नांदेडला प्रदर्शनात स्टॉल होता, सकाळी सातला जीप निघायची होती. दोनशे पाकिटं तयार होती, फक्त लेबलं छापायची राहिली होती. वजन, पॅकिंगची तारीख, अन्न परवान्याचा नंबर, सगळं त्या लेबलावर असतं. लेबलाशिवाय पाकीट स्टॉलवर मांडता येत नाही. दुपारी लाईट गेली ती दिवे लागणीला आली. लॅपटॉप लावला, छापायचं बटण दाबलं, तर प्रिंटर सापडतच नाही म्हणे. प्रिंटर समोर टेबलावर, त्याचा दिवा चालू, कागद भरलेला, आणि लॅपटॉप म्हणतो सापडत नाही!

शेवटी दुकानातल्या एका मुलाला बोलावलं. त्याने दोन मिनिटं काहीतरी केलं, प्रिंटर सुरू झाला, आणि तीनशे रुपये घेऊन तो गेला. आम्हाला एका पाकिटामागे दहा रुपये सुटतात. म्हणजे तीस पाकिटांची कमाई दोन मिनिटांत गेली. त्याने फसवलं नाही हं, त्याला येत होतं आणि आम्हाला येत नव्हतं. जाताना मी विचारलं, “दादा, झालं काय होतं?” तो म्हणाला, “काही नाही ताई, नंबर बदलला होता.”

कसला नंबर? तो समजून घेतला, तेच आज सांगते.

आपल्याकडचा जुना वाडा डोळ्यासमोर आणा. आत दहा खोल्या, पण रस्त्याकडे एकच दरवाजा, आणि दरवाजात देवडी. बाहेरून आलेलं टपाल देवडीवर येतं. देवडीवरच्या माणसाला ठाऊक असतं, हे मधल्या खोलीतल्या वहिनींचं, हे माडीवरच्या काकांचं. वायफायचा डबा म्हणजे ही देवडी. त्याला राऊटर म्हणतात. तुमचा मोबाईल, लॅपटॉप, प्रिंटर, टीव्ही ही वाड्यातली माणसं.

प्रत्येक वस्तू वायफायला जोडली, की राऊटर तिला एक नंबर देतो. याला आयपी ॲड्रेस म्हणतात, म्हणजे पत्ताच. तो चार आकड्यांचा असतो आणि मध्ये टिंब असतात. बहुतेक घरांत तो १९२.१६८ ने सुरू होतो, काही ठिकाणी १० ने. राऊटरचा स्वतःचाही एक नंबर असतो, पुष्कळदा १९२.१६८.१.१. नक्की कोणता, ते डब्याच्या मागच्या चिठ्ठीवर छापलेलं असतं.

तुमचा मोबाईल हातात असेल तर आत्ताच बघा. सेटिंगमध्ये वायफायवर जा, आपल्या वायफायच्या नावावर बोट ठेवा, खाली आयपी ॲड्रेस दिसेल. माझा १९२.१६८ ने सुरू होतो. तुमचाही तसाच असेल, पुण्यातल्या तुमच्या भाचीचाही असू शकेल. मग टपाल चुकत कसं नाही? कारण हा नंबर वाड्याच्या आतलाच आहे. ‘मधली खोली’ प्रत्येक वाड्यात असते, म्हणून कोणी पाकिटावर नुसतं ‘मधली खोली’ लिहून पोस्टात टाकत नाही.

आता आमच्या प्रिंटरचं कोडं सुटतं. हे आतले नंबर कायमचे नसतात. लाईट गेली, राऊटर बंद पडला, परत सुरू झाला, की तो पुन्हा नंबर वाटायला बसतो. पंगत उठून दुसरी बसली की पाट बदलतात, तसं. प्रिंटरला आधी पाचवा पाट होता, नंतर मिळाला आठवा. लॅपटॉप बिचारा पाचव्यावर हाका मारत बसला. त्या मुलाने लॅपटॉपला फक्त नवा नंबर सांगितला.

याला कायमचा इलाजही आहे. राऊटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ नावाची सोय असते. त्यात प्रिंटरचा पाट राखून ठेवता येतो. मग लाईट दहा वेळा जाऊ द्या, नंबर तोच राहतो. आम्ही कॉलेजात जाणाऱ्या एका लेकीला जवळ बसवून हे करून घेतलं, आणि सगळ्या पायऱ्या गटाच्या वहीत लिहून ठेवल्या. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. मोबाईलवरून छापताना मोबाईल वायफायवरच हवा. मोबाईलचा डाटा चालू आणि वायफाय बंद असेल, तर तुम्ही प्रिंटरशेजारी बसूनही वाड्याच्या बाहेर आहात.

‘नेट चालत नाही’ अशी ओरड झाली, तर आधी आत बिघाड आहे की बाहेर, ते ओळखा. वायफायला जोडूनही मोबाईलवर काही उघडत नाही, पण प्रिंटरवर कागद छापला जातो, याचा अर्थ वाड्यातलं सगळं ठीक आहे, बिघाड रस्त्यावर आहे. मग रिचार्ज संपलाय का बघा. बारीक फायबरची तार असेल, तर डब्यावर एलओएस लिहिलेला दिवा लाल आहे का बघा. लाल असेल तर तार कुठेतरी तुटली, दुमडली किंवा उंदराने कुरतडली. तिच्या आत केसासारखी काच असते. ती खिळ्याला गुंडाळू नका, खाटेच्या पायाखाली येऊ देऊ नका. कंपनीला फोन करताना ‘लाल दिवा लागलाय’ एवढं सांगितलं, तरी समोरचा नीट ऐकून घेतो.

आता वाड्याच्या बाहेरचा पत्ता. चार आकड्यांचे हे पत्ते जगभरात मिळून सुमारे ४३० कोटीच होतात. माणसं त्याहून जास्त, आणि एकेका घरात चार-चार मोबाईल. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे २०११च्या फेब्रुवारीत वाटून संपले. म्हणून नवे, खूप लांबलचक पत्तेही आलेत. पण जुने अजून चालू आहेत, आणि त्यात सगळं घर मिळून बाहेर एकच पत्ता वापरतं. बाहेरच्याला आतला कोणता मोबाईल ते दिसत नाही, देवडी दिसते.

इथेच आपल्या जोखमीची गोष्ट आहे. आमच्या ग्रामसंघाच्या खोलीत वायफायचा पासवर्ड खडूने भिंतीवर लिहिलेला होता. येईल त्याने वापरावा. एकदा ऑनलाइन बैठकीत आमचा आवाज तुटायला लागला. राऊटरची यादी उघडली तर सतरा मोबाईल जोडलेले! त्यातले गटाचे फक्त चार. ओट्यावर बसून पोरं पिक्चर बघत होती. पिक्चरचं एक वेळ सोडून द्या. पण कोणी त्यावरून कुणाला घाण मेसेज पाठवला, पैशाची फसवणूक केली, तर तपासात पत्ता निघतो आपल्या कनेक्शनचा. पहिली विचारपूस होते ती ज्या बाईच्या आधारकार्डावर कनेक्शन घेतलं तिच्याकडे. ती म्हणेल मला काही माहीत नाही, आणि ते खरंही असेल, पण पोलीस ठाण्याच्या चकरा तिलाच.

म्हणून आम्ही भिंत पुसली आणि पासवर्ड बदलला. पासवर्ड दोन असतात, हे मला तेव्हाच कळलं. एक वायफायला जोडायचा, दुसरा राऊटरची सेटिंग उघडायचा. दुसरा कारखान्यातून येतो तसाच पुष्कळ ठिकाणी राहतो, आणि तो कुणालाही अंदाजाने सापडतो. दोन्ही बदला. अध्यक्ष आणि सचिव दोघींकडे लिहून ठेवा. पाहुण्यांना द्यायचंच असेल, तर बऱ्याच राऊटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ असतं. ते म्हणजे ओसरी. पाहुणा ओसरीवर बसेल, माजघरात येणार नाही.

शेवटचा पत्ता वेबसाइटचा. आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून वेबसाइटला नावं दिलेली असतात. मोबाईलमध्ये आपण ‘माहेर’ असं नाव दाबतो आणि फोन नंबर लागतो, तसंच इंटरनेटवर नावावरून नंबर शोधून देणारी मोठी यादी असते. फसवणारे खेळ करतात तो या नावाशी.

लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीच्या वेळी किती लिंका फिरल्या, आठवतं ना? खरी ओळखायची कशी? पाकिटावर आपण लिहितो : अमुक बाई, मुक्काम पोस्ट डोंगरकडा, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली. लहान आधी, मोठं शेवटी. वेबसाइटचा पत्ताही तसाच असतो. म्हणून तो शेवटाकडून वाचा. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून द्या. त्यानंतर पहिली तिरकी रेघ येईल, तिच्या अगदी आधी काय आहे ते बघा. योजनेचा खरा पत्ता आहे लाडकीबहीण डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन. शेवट ‘जीओव्ही डॉट इन’. हा शेवट सरकारी कार्यालयांनाच मिळतो. कोणी सुरुवातीला ‘महाराष्ट्र’ लिहिलं, मध्ये ‘जीओव्ही’ घुसडलं आणि शेवटी ‘डॉट कॉम’ ठेवलं, तर ते सरकारी नाही. पत्त्याशेजारचं कुलूप बघूनही विश्वास ठेवू नका. तुमची माहिती वाटेत कोणी वाचणार नाही, एवढंच ते कुलूप सांगतं. समोर बसलेला सज्जन आहे की चोर, ते सांगत नाही.

चुकून पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० ला फोन करा. जितका लवकर फोन कराल, तितकी पैसे अडवता येण्याची आशा जास्त.

तर पुढच्या बैठकीत हप्ता गोळा झाला की दहा मिनिटं काढा. राऊटरवर किती मोबाईल जोडलेत ते मोजा. दोन्ही पासवर्ड बदला. प्रिंटर असेल तर त्याचा नंबर वहीत लिहा. आणि आलेल्या एका तरी लिंकचा शेवट सगळ्यांनी मिळून वाचा. आमच्या गटातल्या एका काकूंना सही करण्यापुरतंच लिहिता येतं. पण परवा लाईट आल्यावर प्रिंटर अडला, तर त्याच म्हणाल्या, “आधी बघा गं, पाट बदलला असंल.” पाट बदलला नव्हता, प्रिंटरचं वायफाय बंद झालं होतं. पण शोध आमचा आम्हीच लावला, आणि तीनशे रुपये पेटीतच राहिले.