पाटीवरची पेन्सिल

दुपारची भांडी आवरून जरा पाठ टेकते न टेकते तोच दारात हाक आली, "वहिनी, हायसा न्हवं घरात?" आमच्या राजारामपुरीत गल्लीच्या तोंडाशी शिवणकाम करणारी बाई. बरोबर तिची आठ वर्षांची धाकटी. आईच्या पदराआड अशी उभी, की नुसत्या दोन वेण्या दिसत होत्या.

"हिचं काय करू सांगा. शाळेतनं आली की दप्तर टाकती आणि आडवी हुती. खेळंना, बोलंना. बाईंनी विचारलं तरी तोंड उघडंना. सारखी दमल्यागत."

बचत गटाच्या निमित्तानं माझं घरोघरी जाणं-येणं असतं, त्यामुळे बायका मला अर्धी डॉक्टरच समजतात. आणि खरं सांगायचं तर मलाही ते आवडतं. माझ्या मुलाची लहानपणची सर्दी होमिओपॅथीच्या गोड गोळ्यांनी गेली, असा माझा पक्का समज. मुलं मोठी झाली की ती सर्दी तशीही कमी होते, हे तेव्हा सुचलं नाही. मी लगेच म्हटलं, "पोर लाजाळू आहे, नाजूक आहे, उगाच सुया कशाला टोचायच्या? माझ्या ओळखीचे होमिओपॅथीचे डॉक्टर आहेत, चल." ही फेब्रुवारीतली गोष्ट.

मैत्रिणींनो, त्या दवाखान्यातला तो तास मी अजून विसरले नाही. स्वप्नं कसली पडतात, अंधाराची भीती वाटते का, घाम कपाळाला येतो की पायाला, आई रागावली की काय करतेस... डॉक्टर विचारत होते आणि गप्प राहिली तर तितक्याच शांतपणे थांबत होते. अर्ध्या तासानं पोरीनं पहिल्यांदा मान वर केली. "काय खायला आवडतं?" तर म्हणाली, "पेन्सिल." पाटीवरची पेन्सिल! आई कपाळाला हात लावून म्हणाली, "आगं बया! मी पाकिटावर पाकीट आणतीया, ही खातीया व्हय!"

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि 'कॅल्केरिया कार्ब'च्या गोळ्या दिल्या. हे औषध कालवाच्या शिंपल्यापासून करतात. भित्रं, पटकन दमणारं, खडू-माती खाणारं मूल हे या औषधाचं 'चित्र', असं त्यांच्या ग्रंथांत दिलेलं असतं. चित्र हुबेहूब जुळलं म्हणून आम्ही खूश होऊन घरी आलो.

पुढचे काही महिने पोर थोडी बोलायला लागली, हे खरं. महिन्यातून एकदा कुणीतरी मोठं माणूस समोर बसून तिचं ऐकून घेत होतं. आई शिलाईच्या मशीनवर, वडील कामावर, तिचं ऐकायला दुसरं होतं कोण? थकवा मात्र तसाच होता.

ऑगस्टमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येऊन मुलांना तपासून गेलं. त्यांनी चिठ्ठी दिली, की मुलगी फिकट दिसते, रक्त तपासून घ्या. आई ती चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आली. आणि मी काय म्हटलं? "आधी चाललंय ते पूर्ण होऊ दे. मध्येच दुसरं औषध घेतलं तर गोळ्यांचा गुण जातो." हे वाक्य माझंच. ना त्या डॉक्टरांचं, ना तिच्या आईचं.

नवरात्रात ललितापंचमीला आम्ही गल्लीतल्या बायका टेंबलाईच्या टेकडीवर निघालो होतो. ती पोर चढावर मध्येच खाली बसली. ओठ पांढरे पडलेले, धाप लागलेली. तिच्याएवढ्या बाकीच्या पोरी केव्हाच पुढे पळाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तिला सीपीआरला नेलं. हिमोग्लोबिन निघालं ७.८. या वयात ते किमान ११.५ असायला हवं, आणि ८ च्या खाली गेलं तर ॲनिमिया तीव्र समजतात. डॉक्टरांनी खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली आणि सहज विचारलं, "माती, खडू असलं काही खाते का हो ही?"

तिची आई माझ्याकडे बघायला लागली. मी जमिनीकडे.

शरीरात लोह कमी झालं की मुलांना असल्या नको त्या वस्तू खाव्याशा वाटतात, ही डॉक्टरांना माहीत असलेली जुनी खूण. म्हणजे फेब्रुवारीतच त्या पोरीनं स्वतःच्या तोंडानं आपला आजार सांगितला होता! एका ठिकाणी त्यावरून शिंपल्याच्या गोळ्या मिळाल्या, दुसरीकडे रक्ताची तपासणी. मध्ये आठ महिने गेले.

मग मी जरा वाचायला बसले. होमिओपॅथी काढली जर्मनीतल्या डॉ. सॅम्युएल हानेमान यांनी. १७९६ मध्ये त्यांनी पहिल्यांदा हा विचार मांडला आणि १८१० मध्ये 'ऑर्गेनॉन' हा ग्रंथ लिहिला. त्या काळी इतर वैद्य रोग्याच्या शिरा कापून रक्त काढत, पारा देत. त्यापेक्षा या गोड गोळ्या परवडल्या, असं लोकांना वाटलं तर नवल नाही. पण '३० पोटन्सी' म्हणजे काय? औषधाचा एक भाग शंभरात मिसळायचा, त्यातला एक भाग पुन्हा शंभरात, असं तीस वेळा. बाराव्या खेपेच्या सुमारासच मूळ पदार्थाचा एक कणही उरण्याची शक्यता जवळजवळ संपते. मग राहते ती साखर. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०१५ मध्ये सगळे पुरावे तपासून सांगितलं, की होमिओपॅथीनं अमुक आजार बरा होतो असा भरवशाचा पुरावा एकाही आजाराबाबत नाही. वाचून वाईट वाटलं. वीस वर्षांची श्रद्धा अशी एका दुपारी सोडवत नाही हो!

पण लोहाची उणीव साखरेनं कशी भरून निघणार?

आणि ही काही एका घरची गोष्ट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची जवळजवळ ६९ टक्के मुलं ॲनिमियाची निघाली. आपल्या कोल्हापुरात, दुधातुपाच्या गावात, असं कसं? तर दुधात लोह जवळजवळ नसतंच, आणि पोट दुधानंच भरलं की मूल जेवत नाही. ही पोर सकाळी चहा-बटर खाऊन शाळेत जायची, जेवतानाही कपभर चहा. चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. रविवारी मटण असायचं, पण हिला लागायचा फक्त पांढरा रस्सा, फोडी भावाच्या ताटात! लोह फोडीत, रश्श्यात नव्हे. गुळाचं म्हणाल तर गूळ चांगलाच, पण इतका उतरलेला ॲनिमिया गुळाच्या खड्यानं भरून येत नाही.

डॉक्टरांनी लोहाचं औषध सुरू केलं, जंताची गोळी दिली. औषध दुधा-चहाबरोबर द्यायचं नाही, लिंबाचं सरबत चालेल. शौचाला काळी होईल, घाबरू नका. आकडा सुधारला तरी पुढे काही महिने बंद करायचं नाही, कारण शरीरातला साठाही भरायचा असतो. आणि बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवायची नाही, लोह जास्त गेलं तर ते विषच. थायरॉइडही तपासलं, कारण मूल मंद, सुस्त वाटण्यामागे तेही असू शकतं. ते ठीक निघालं. डॉक्टर आणखी एक म्हणाले: दमलेल्या मुलाचं वजन उतरत असेल, सारखी तहान लागून वारंवार लघवीला होत असेल, ताप हटत नसेल किंवा अंगावर निळे-काळे डाग उठत असतील, तर एक दिवसही थांबू नका.

होमिओपॅथीच्या डॉक्टरांना मी जाऊन सगळं सांगितलं. मला वाटलं चिडतील. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "रक्त तपासायला मीच पाठवायला हवं होतं." माणूस भला आहे. इतका वेळ देऊन मुलांशी बोलणारा डॉक्टर मी दुसरा पाहिलेला नाही, आणि पेन्सिलीची गोष्ट त्या पोरीकडून त्यांनीच काढून घेतली होती, हेही मी विसरणार नाही.

तिच्या आईची माफी मागितली. ती म्हणाली, "असू दे वहिनी, तुमी का मुद्दाम केलंसा?" त्यानं उलट जास्तच लागलं.

आता हिमोग्लोबिन ११.९ आहे. पोर लाजाळू होती ती लाजाळूच आहे. स्नेहसंमेलनात नाव दिलं नाही, मी घरी गेले की अजून पदराआड जाते. परवा तिची आई ब्लाउज द्यायला आली आणि दारातूनच निघाली. "बसत न्हाई वहिनी, येतो. दिवे लागलं तरी पोरगी जिबल्या खेळायलीय बाहेर, घरात म्हणून थांबंना!"