पाऊस किती, आणि किती वेळात?

मैत्रिणींनो, गच्चीवर हौसेनं छोटं हवामान केंद्र बसवलंय? मग ते किती मिनिटांनी नोंद करतं, ते आधी बघा. तासाला एक म्हणजे दिवसाच्या २४ नोंदी. पाच मिनिटांनी एक तर २८८!

तासाच्या आलेखातली रेघ छान गुळगुळीत दिसते, पण मधेच आलेला वाऱ्याचा झोत त्यात गडप होतो. पाऊस बेरजेत येतो खरा, पण कसा कोसळला ते कळत नाही. २६ जुलै २००५ आठवतो ना? सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, त्यातला बराचसा दुपारनंतर काही तासांतच. तेवढाच महिनाभर रिमझिमला असता तर हाहाकार झाला नसता. ढगफुटीही तासावरच ठरते: तासाभरात साधारण १०० मिलिमीटर. म्हणून नाल्याकाठी घर असेल, तर दिवसाची बेरीज कामाची नाही. पाच-दहा मिनिटांचे आकडेच वेळेत सावध करतात.

अर्थात, मिनिटामिनिटाला नोंद ठेवली तर साठवणीची जागा लवकर भरते. पावसाळ्यात पाच मिनिटं ठेवा, उन्हाळ्यात पंधरा पुरे. आणि महिन्याचा आलेख काढताना तापमानाची सरासरी घ्या, पावसाची मात्र बेरीजच हं!