रेघेचं मशीन, छटेचं मशीन

गंगाखेड-पाथरीकडच्या खेड्यांत जुन्या पिढीतल्या आजींचे हात पाहावेत. हातावर तुळशीवृंदावन, कपाळावर टिकली, हनुवटीवर ठिपके. रंग हिरवट पडला, पण आकार जागेवर आहेत. सुई, काजळी आणि गोंदणारणीचा हात, एवढ्यावर हे काम झालं. पुढे जत्रा-उरुसात बॅटरीवर घुरघुरणारं यंत्र आलं. आज परभणीसारख्या जिल्ह्याच्या गावी टॅटूवाल्या पोरांच्या हाती पेनासारखं वायरलेस मशीन दिसतं. लाइट गेली तरी काम थांबत नाही, ही त्याची मोठी सोय.

टॅटूच्या विजेवरच्या यंत्राचं पेटंट न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायली यांनी 1891 साली घेतलं. त्याला आधार होता एडिसनच्या विजेच्या पेनाचा. पुढे दोन घराणी झाली. कॉइल मशीनमध्ये दोन विद्युतचुंबक लोखंडी पट्टी खाली ओढतात, त्याच क्षणी प्रवाह तुटतो, स्प्रिंग पट्टीला परत वर नेते आणि प्रवाह पुन्हा जुळतो. जुन्या विजेच्या घंटेचंच हे तत्त्व. एका मशीनची जुळणी एकाच वेगाला बसते, म्हणून मुरलेले कारागीर दोन मशीनं ठेवत: रेघेसाठी चपळ लायनर, छटेसाठी संथ शेडर. दुसरं घराणं रोटरीचं. तिच्यात मोटर फिरते आणि सुई वरखाली होते. ती हलकी, शांत असते आणि एकाच मशीनवर दोन्ही कामं निभावतात. मात्र सुई एका फेरीत किती वरखाली होते, तो स्ट्रोक पाहावा लागतो. साधारण 3 मिलिमीटरचा स्ट्रोक छटेला मऊ पडतो, 4 च्या पुढचा रेघेला जोर देतो आणि 3.5 चा दोन्हीकडे चालतो.

नव्या मशीनची पारख करायची ती सिलिकॉनच्या सराव-कातडीवर. आधी रेघ. समजा सुई सेकंदाला 100 वेळा टोचते. हात सेकंदाला 2 सेंटिमीटर सरकला, तर दोन टोचण्यांत 0.2 मिलिमीटरचं अंतर पडतं आणि रेघ सलग उमटते. तोच हात 10 सेंटिमीटरच्या वेगाने झटकला, तर अंतर 1 मिलिमीटर होतं, ठिपके सुटे दिसतात आणि त्यांतून विरळ होत जाणारी छटा उभी राहते. म्हणजे रेघ आणि छटा यांतला बराचसा फरक हाताच्या नि सुईच्या वेगाच्या हिशोबात आहे. मशीन बदललं की हा हिशोब बदलतो. जुन्या मशीनवर 8 व्होल्टला बसलेला हात नव्या मोटरवर त्याच आकड्याला चुकू शकतो, कारण त्याच व्होल्टला प्रत्येक मोटरचा वेग वेगळा.

म्हणून क्रम असा ठेवावा: बारीक राउंड लायनर सुईने लांब सरळ रेघ, मग वर्तुळ, मग जाड सुईने तेच. शेवटी मॅग्नम म्हणजे छटेच्या रुंद सुईने गडदपासून फिकटपर्यंत एक पट्टा. रेघ तुटली तर हात घाईत आहे किंवा सुई मंद आहे. कातडी फाटली तर एकाच जागी फार टोचणी झाली आहे.

हे सगळं माणसाच्या हातावर शिकायचं नाही, हे ठामपणे सांगायला हवं. शाई राहते ती त्वचेच्या दुसऱ्या थरात, जेमतेम 1 ते 2 मिलिमीटर खोल. तिथल्या पेशी रंग धरून ठेवतात, म्हणून तो जन्मभर टिकतो आणि चूकही जन्मभर टिकते. सुई जास्त खोल गेली की रंग पसरतो, रेघेची कड धूसर होते. एकाची सुई दुसऱ्याला लावली, तर कावीळ बी आणि एचआयव्हीचा धोका असतो. गोंदवल्यावर रक्तदानासाठी वर्षभर थांबावं लागतं, त्याचं कारण हेच.

तेव्हा दुकानात गेल्यावर मशीनच्या ब्रँडआधी दोन गोष्टी मागा: याच मशीनने सराव-कातडीवर काढलेलं काम, आणि तुमच्यासमोर फोडलेलं नवं कार्ट्रिज, म्हणजे मशीनला लावायची सुईची नळी. खरा कारागीर दोन्ही आनंदाने दाखवेल.